करंट लावण्याआधी चेतापेशी तपासणारे केंद्र : पुण्यातील अकरा आठवडे

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस माझा धाकटा भाऊ आंबे काढताना हापूसच्या कलमावरून पडला आणि त्याच्या कमरेच्या पहिल्या मणक्याचा चुरा होऊन दोन्ही पायांतले बळ गेले. कोल्हापुरात शस्त्रक्रिया झाली, स्क्रू आणि पट्ट्या बसल्या, टाके निघाले आणि मेअखेर ‘आता फिजिओथेरपी सुरू करा’ एवढ्या एका वाक्यानिशी आम्ही रत्नागिरीला घरी परतलो. पुढच्या सहा महिन्यांत दोन ठिकाणी उपचार घेतले. पहिल्या ठिकाणी जवळजवळ तीन महिने गेले आणि हाती फारसे काही लागले नाही. दुसरे ठिकाण म्हणजे पुण्यातील एक निवासी पुनर्वसन केंद्र. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत आम्ही दोघे तिथे राहिलो. हे परीक्षण मुख्यतः त्या केंद्राच्या सेवेचे आहे. दोन्ही ठिकाणांची नावे मी लिहिलेली नाहीत. तिथे काय केले गेले आणि का केले गेले, हे समजले तर कोणत्याही गावातील केंद्राची पारख वाचकाला स्वतः करता येईल, म्हणून भर त्यावर दिला आहे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. संवेदी चेतापेशी, प्रेरक चेतापेशी, प्रतिक्षिप्त क्रिया हा धडा मी बावीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवला आहे. पण त्या आकृतीतील एक पेशी जिवंत आहे की नाही यावर माणसाच्या उपचाराची सगळी दिशा ठरते, हे मला भावाच्या पलंगाशी बसून समजले.

आधी पहिल्या ठिकाणाबद्दल, कारण त्याशिवाय दुसऱ्याचे महत्त्व कळणार नाही. तिथे रोज सकाळी दोन्ही मांड्यांना आणि दोन्ही पोटऱ्यांना पॅड चिकटवून अर्धा तास करंट दिला जाई. मांड्यांचे स्नायू आक्रसताना डोळ्यांना दिसत, मात्र पोटऱ्या बटण शेवटच्या टोकापर्यंत फिरवले तरी हलत नसत. विचारले की उत्तर ठरलेले असे : नसा झोपल्या आहेत, करंटने हळूहळू जाग्या होतील. तीन आठवड्यांनी त्यांच्याच सल्ल्याने आम्ही घरी वापरण्याचे यंत्र विकत घेतले. पोटरीत संवेदना नसल्यामुळे भावाला काही जाणवत नव्हते आणि आम्ही आशेने करंट वाढवत होतो. एका संध्याकाळी पॅड काढले तेव्हा उजव्या पोटरीवर रुपयाएवढा फोड आलेला दिसला. तो भरून यायला पाच आठवडे लागले. जिथे चटका कळत नाही तिथल्या त्वचेला करंट किती द्यावा, पॅड किती वेळ ठेवावे आणि काढल्यावर त्वचा कशी पाहावी, हे यंत्र देताना आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

पुण्याच्या केंद्रात पहिले तीन दिवस व्यायाम झालाच नाही, फक्त तपासणी झाली. मला तेव्हा अस्वस्थ वाटले, कारण आधीच वेळ फार गेला होता. आज मी त्या तीन दिवसांना या केंद्राची सर्वांत मोलाची सेवा मानते.

पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी भावाला पलंगाच्या कडेला बसवले, पाय मोकळे लोंबू दिले आणि रबरी हातोडीने गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच टकटक केले. डावा पाय किंचित पुढे आला, उजवा त्याहून कमी. मग टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. दोन्ही पाऊले जशीच्या तशी राहिली. बाईंनी तीच जागा तीन वेळा तपासली आणि कागदावर दोन शून्ये लिहिली. शेजारच्या पलंगावर मोटारसायकलच्या अपघातात पाठीचा वरचा मणका मोडलेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याच्या गुडघ्याला हातोडी लागताच पाय असा उडाला की मला त्याच्या आईचा हेवा वाटला. त्या माउलीलाही तीच आशा होती; रात्री पाय आपोआप झटके देतो म्हणजे ताकद येऊ लागली आहे, असे ती मला सांगत असे. दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना एकत्र बसवून मेरुरज्जूचे चित्र समोर ठेवले आणि जे समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत लिहिते.

मेंदूतून निघालेला हालचालीचा आदेश थेट स्नायूपर्यंत जात नाही. तो मेरुरज्जूच्या पुढच्या भागातील प्रेरक चेतापेशींपर्यंत येतो आणि तिथून निघणारा तंतू स्नायूला जाऊन भिडतो. मेंदूकडून आलेला आदेश असो की हातोडीच्या टकटकीने उठलेली प्रतिक्षिप्त क्रिया असो, स्नायूपर्यंत पोचण्याचा शेवटचा रस्ता हाच. इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला ‘अंतिम सामायिक मार्ग’ म्हटले, आणि चेतापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी १९३२ साली त्यांना एडगर एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. शेजारच्या मुलाची इजा छातीच्या पातळीवर होती. त्याच्या पायांच्या प्रेरक चेतापेशी इजेच्या खाली सुखरूप होत्या, फक्त मेंदूशी त्यांचा संपर्क तुटला होता. म्हणून हातोडीला त्या उत्तर देत होत्या आणि वरून आवर घालणारे कोणी नसल्याने जास्तच जोराने देत होत्या. माझ्या भावाचे उलटे होते. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो आणि त्याखाली मणक्यांच्या पोकळीत फक्त नसांची मुळे लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारखी. पायांच्या प्रेरक चेतापेशी छातीच्या शेवटच्या मणक्यांपासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या टप्प्यात असतात. त्याचा नेमका तो पहिला मणका मोडला होता. त्यामुळे पोटरी आणि पाऊल चालवणाऱ्या काही पेशी आणि त्यांची मुळे जागच्या जागी चेचली गेली होती. तिथे अंतिम मार्गच उखडला गेला होता.

पोलिओचे विषाणू मेरुरज्जूतील याच पेशी मारतात, हे मी वर्गात नेहमी सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा वर्गात पायाला कॅलिपर लावून येणारी मुले असत. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला आणि ते दृश्य हळूहळू दिसेनासे झाले. भावाच्या उजव्या पायाची बारीक होत गेलेली पोटरी पाहताना मला त्या मुलांचे पाय आठवत, आणि बाईंनी कारण सांगितल्यावर ती आठवण उगाच येत नव्हती हे कळले.

तिसऱ्या दिवशी ईएमजी झाली. स्नायूत बारीक सुई टोचून त्यातील विद्युत हालचाल पाहण्याची ही तपासणी नसा तुटल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी नीट बोलू लागते. म्हणजे आम्ही जूनमध्ये पहिल्या ठिकाणी गेलो तेव्हाही ती करता आली असती. डाव्या मांडीच्या पुढच्या स्नायूत प्रेरक चेतापेशी चांगल्या संख्येने जिवंत होत्या, उजव्या मांडीत कमी होत्या, डाव्या नडगीच्या बाजूला अगदी थोड्या सापडल्या आणि दोन्ही पोटऱ्यांत एकही नाही. अहवालासोबत केंद्राने दोन्ही पायांच्या पाच-पाच प्रमुख स्नायूगटांना शून्य ते पाच गुण देऊन तक्ता केला. पायांचे एकूण गुण पन्नास असतात. भावाला सोळा मिळाले.

आता करंटचा प्रश्न सुटला. बाजारात मिळणारी स्नायू उत्तेजक यंत्रे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही अंशाएवढे, साधारण ०.२ ते ०.४ मिलिसेकंदाचे ठोके देतात. हा ठोका स्नायूला हलवत नाही; तो नसेतील तंतूला जागवतो आणि तंतू स्नायूला हलवतो. तंतूच मेला असेल तर हे यंत्र कितीही वाढवले तरी उपयोग शून्य आणि भाजण्याचा धोका मात्र पुरता. नस गमावलेल्या स्नायूला थेट हलवायचे तर शंभर मिलिसेकंद किंवा त्याहून लांब ठोके आणि मोठे पॅड लागतात. व्हिएन्ना येथील संशोधकांनी या पद्धतीवर बरीच वर्षे काम केले आहे आणि सुकलेल्या स्नायूंचा आकार त्यामुळे बराच भरून येतो असे दाखवले आहे; पण त्याने स्वतःच्या इच्छेने होणारी हालचाल परत येत नाही. हे सगळे आम्हाला पैसे भरण्याआधी सांगण्यात आले. आम्ही घेतलेले यंत्रही बाईंनी मागून घेतले, तपासले आणि डाव्या-उजव्या मांडीसाठी ते चांगले आहे, पोटरीला लावू नका, असे सांगून परत दिले. केंद्राचे स्वतःचे यंत्र विक्रीला ठेवलेले होते, तरीही.

मांडीला करंट देण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. पॅड लावायचे, भावाने स्वतः गुडघा सरळ करायचा प्रयत्न सुरू करायचा आणि त्याच क्षणी बाईंनी बटण दाबायचे. नुसते पडून करंट घेणे त्यांना मान्य नव्हते. पंधरा मिनिटांनंतर त्या थांबवत. भाऊ अजून द्या म्हणे, पण त्या देत नसत. यामागचे कारणही प्रेरक चेतापेशींच्या स्वभावातच आहे. एक प्रेरक चेतापेशी आणि ती हलवत असलेले स्नायूतंतू यांची एक तुकडी असते. आपण स्वतः स्नायू वापरतो तेव्हा लहान, चिवट, न थकणाऱ्या तुकड्या आधी कामाला लागतात आणि मोठ्या, जोरदार पण लवकर थकणाऱ्या तुकड्या गरजेपुरत्या मागाहून येतात. एलवुड हेनमन यांनी १९६५च्या सुमारास मांडलेला हा नियम आजही पुनर्वसनाचा पाया आहे. बाहेरून दिलेला करंट हा क्रम पाळत नाही. जाड तंतू त्याला आधी बळी पडतात आणि ते सगळे एकाच वेळी एकाच तालात ओढले जातात, म्हणून स्नायू झपाट्याने थकतो. थकल्यावर गुडघा थरथरू लागे, तेच थांबण्याचे चिन्ह. पहिल्या ठिकाणी आम्ही त्या थरथरीलाच प्रगती समजत होतो.

पोटरीबद्दल केंद्रातील डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही आणि दारही बंद केले नाही. तुटलेला तंतू अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पोटरीपर्यंतचे अंतर मी शिंप्याच्या टेपने मोजले, पाऊण मीटरहून थोडे जास्त भरले. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, आणि तेवढ्या काळात वाट पाहणारा स्नायू तंतुमय होत जातो. मांडीची आणि डाव्या नडगीची गोष्ट वेगळी होती. जिथे थोड्या चेतापेशी उरल्या आहेत तिथे त्या आपल्या तंतूंना नवे फाटे फोडून शेजारचे पोरके स्नायूतंतू दत्तक घेतात. पोलिओतून सावरलेल्या माणसांची ताकद बऱ्याच अंशी अशीच परत आलेली असते. म्हणून व्यायामाचा सारा भर तिथे ठेवला गेला.

चालण्याचे प्रशिक्षण पाचव्या दिवशी पॅरलल बारमध्ये, म्हणजे हातांनी धरायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, सुरू झाले. पाऊल लोंबू नये म्हणून दोन्ही पायांना गुडघ्याखालचे प्लॅस्टिकचे स्प्लिंट केंद्राच्याच कार्यशाळेत साचा घेऊन केले. पहिला जोड डाव्या घोट्याच्या हाडाला घासत होता. रोज रात्री आरशाने पाऊल पाहण्याची सवय भावाला लावलेली असल्यामुळे तो लालसर डाग त्याच रात्री त्याच्या लक्षात आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कारागिराने तापवून ती जागा बाहेर काढून दिली. पोटरीवरच्या फोडाच्या आठवणीने मला त्या दुपारी भरून आले होते.

केंद्रात अंगाला पट्टे बांधून वजन उचलून धरणारी ट्रेडमिल आहे आणि पाय यंत्राने हलवणारा रोबोटही आहे. रोबोटची माहितीपत्रके स्वागतकक्षात ठेवलेली आहेत आणि बहुतेक नातेवाईक ती पाहूनच येतात. मीही आले होते. आम्ही रोबोटचे पॅकेज मागितले तेव्हा डॉक्टरांनी ते नाकारले. त्यांनी सांगितले की मांजरांवरील प्रयोगांतून, १९११ मधील ग्रॅहम ब्राउन यांच्या कामापासून, मेंदूच्या मदतीविना मेरुरज्जू पावलांचा ताल निर्माण करू शकतो हे माहीत आहे आणि ट्रेडमिलची कल्पना त्यातूनच आली; परंतु अपूर्ण इजा झालेल्या, म्हणजे मेंदूशी संपर्क पूर्णपणे न तुटलेल्या, १४६ रुग्णांवरील चाचणीचे निकाल २००६ साली आले तेव्हा वजन उचलून ट्रेडमिलवर चाललेले आणि साध्या जमिनीवर तेवढाच सराव केलेले, दोन्ही गट सारखेच चालू लागले होते. भावाच्या मांड्यांत स्वतःचा जोर आहे, त्याने स्वतः चालावे, रोबोटने त्याला चालवू नये, असे त्यांचे मत पडले. ट्रेडमिल पहिले तीन आठवडे तोल आणि भीती यांसाठी वापरली, पुढे जमीन. एक महाग सेवा समोर असताना ती गरज नाही म्हणून न विकणे, हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

रविवारी सकाळी नातेवाइकांसाठी तासभराची बैठक असते. तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी स्वित्झर्लंडमधील मेरुरज्जू उत्तेजनाचा विषय निघे, कारण त्याच्या चित्रफिती सगळ्यांच्या मोबाइलवर आलेल्या असतात. लोझान येथील ग्रेग्वार कुर्तीन आणि जोसलीन ब्लॉक यांच्या चमूने २०१८ पासून मेरुरज्जूच्या आवरणावर विद्युत अग्रे बसवून पायांत बळ गमावलेल्या काही माणसांना आधाराने चालवून दाखवले, आणि २०२३ मध्ये एका डच गृहस्थाच्या मेंदूतील संकेत थेट त्या अग्रांशी जोडले. मानेच्या इजेनंतर हातांसाठी त्वचेवरून दिल्या जाणाऱ्या उत्तेजनाची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली; त्यातील साठ जणांपैकी ७२ टक्के रुग्णांत हाताची ताकद आणि कामे दोन्ही सुधारली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने त्या उपकरणाला परवानगी दिली. डॉक्टरांनी हे सारे कौतुकाने सांगितले आणि मग शेजारच्या मुलाकडे व माझ्या भावाकडे पाहून फरक स्पष्ट केला : ही उपकरणे इजेखालच्या जिवंत चेतापेशींना हाक मारतात. त्या मुलाच्या बाबतीत पुढे कधी तरी हा विषय काढता येईल. भावाच्या पोटऱ्यांत हाक ऐकणारे कोणी नाही. कठोर वाटले, पण त्यानंतर आम्ही परदेशी उपचारांच्या मागे धावण्याचा विचार सोडला आणि भाऊही मनाने शांत झाला.

मूत्राशयाच्या प्रशिक्षणाबद्दल लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिणे आवश्यक आहे. मूत्राशयाच्या चेतापेशीही मेरुरज्जूच्या टोकाशीच असतात आणि अशा इजेत हमखास सापडतात. भाऊ इथे आला तेव्हा कायमची नळी होती. परिचारिकांनी दहा दिवसांत त्याला दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून काढण्याचे तंत्र शिकवले. जूनपासून दोनदा झालेला ताप आणि संसर्ग त्यानंतर आजवर झालेला नाही. भावाच्या मते त्याला खरे स्वातंत्र्य पहिल्या पावलापेक्षा या शिकवणीने दिले.

उणिवाही आहेत आणि त्या मी निघताना लेखी दिल्या आहेत. सोबतच्या माणसासाठी खोलीत एक अरुंद बाकडे आहे. अकरा आठवडे त्यावर झोपणे माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईला जड गेले. अहवाल सगळे इंग्रजीत मिळतात. रोजच्या व्यायामाचा कागद तरी मराठीत द्यावा, कारण घरी तो करून घेणारी माझी आई इंग्रजी वाचत नाही. मी तो स्वतः भाषांतर करून भिंतीला लावला आहे. दाखल होताना खर्चाचा जो आकडा सांगितला त्यात स्प्लिंट आणि ईएमजी धरलेली नव्हती.

सर्वांत मोठी उणीव घराच्या तयारीची. केंद्राची जमीन गुळगुळीत फरशीची, उतार रबरी, शौचालय कमोडचे. आमच्या घरापुढे चिऱ्याच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येक वेगळ्या उंचीची, आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ चढते. नवव्या आठवड्यात मी घराचे फोटो दाखवले तेव्हा बाईंनी मागच्या आवारात विटा रचून तशाच उंचसखल पायऱ्या करून घेतल्या आणि शेवटचे पंधरा दिवस त्यांवर सराव घेतला. ते उत्तम झाले, परंतु हे फोटो पहिल्याच आठवड्यात मागवले जायला हवे होते. कोकणातून, घाटातून येणाऱ्या रुग्णांची घरे पुण्याच्या सदनिकांसारखी नसतात.

ज्यांना खाजगी केंद्राचा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी मुंबईत हाजीअलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. आम्हाला तिची माहिती उशिरा मिळाली. कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी एवढे विचारा की इजेखालच्या प्रेरक चेतापेशी कोणत्या स्नायूंत जिवंत आहेत आणि ते कशावरून ठरवले. उत्तरात हातोडी, गुणांचा तक्ता आणि ईएमजी यांचा उल्लेख आला नाही, तर यंत्र विकत घेण्याची घाई करू नका.

निघताना भावाचे गुण सोळावरून वीसवर आले होते. वाढ सगळी दोन्ही मांड्या, कंबरेचा पुढचा भाग आणि डाव्या नडगीत. दहा मीटर अंतर स्प्लिंट आणि एल्बो क्रचच्या आधाराने चालायला पॅरलल बारबाहेरच्या पहिल्या दिवशी त्याला ५८ सेकंद लागले होते, शेवटच्या दिवशी ३४. पोटऱ्या होत्या तशाच आहेत. आता तो रोज सकाळी ओटीवर बसून मांड्यांना पंधरा मिनिटे करंट घेतो, पॅड काढल्यावर आई चष्मा लावून त्वचा पाहते आणि मग तो पायऱ्या उतरून कलमांपर्यंत जाऊन येतो. फेब्रुवारीत फेरतपासणीसाठी पुन्हा पुण्याला बोलावले आहे, तेव्हा डाव्या नडगीची ईएमजी पुन्हा होईल.